सव्वाशे टनांचा तोल

वाइडेनरोडाच्या लोकोशेडमध्ये ओस्वीन हॉप्फ एकतीस वर्षं एकच काम करत आला होता. आलेलं इंजिन टर्नटेबलाच्या फिरत्या रुळांवर घ्यायचं आणि तोंड फिरवून परत द्यायचं. मोटार नव्हती, एक लाकडी दांडा होता आणि ओस्वीनचा खांदा. टेंडरसकट, म्हणजे मागे जोडलेल्या कोळशापाण्याच्या डब्यासकट, सव्वाशे टनांचं पी-आठ इंजिन हा गडी एकटा ढकलायचा. त्यात ताकदीचा भाग थोडाच. इंजिनाचा तोल टेबलाच्या मधल्या खुंटावर बरोबर आला की ते पाळण्यासारखं हलतं. जरा चुकला की चार पैलवान आणा, ढिम्म. म्हणून कुठे थांबायचं ते ओस्वीन रुळाकडेला उभा राहून दाखवायचा आणि ड्रायव्हर त्याच्या बुटाशी चाक आणून थांबवायचा.

पी-आठवर त्याचा जीव होता. दिसायला ते काही राजबिंडं नव्हतं, पण मागे जे जोडाल ते मुकाट ओढायचं. बायकोची, सेल्माची, अशीच तारीफ करून त्याने एकदा चांगला ओरडा खाल्ला होता.

आता शेडमध्ये मोटार बसवायचं घाटत होतं. मंगळवारी दुपारी इंजिनिअरसाहेब येऊन पाहणार होते, एकसष्टीचा हा माणूस अजून एकट्याने इंजिन फिरवतो का. जमलं तर पेन्शनपर्यंतची दोन वर्षं इथेच. नाही तर कंदिलांच्या खोलीत काचा पुसत बसायचं.

आणि त्या दिवशी पी-आठ आणणार होता ड्रायव्हर एडमुंड आमथोर. त्याच्याशी सात वर्षं बोलणं बंद! कारणही मोठं नामी. सशांच्या प्रदर्शनात एडमुंडच्या सशाला वजनाचं पहिलं बक्षीस मिळालं, तेव्हा ओस्वीन चारचौघांत म्हणाला होता, "बक्षीस कोबीला द्या. ससा आत्ताच पोटभर खाऊन आलाय." तेव्हापासून एडमुंड रोज त्याच्या बुटाशी इंजिन थांबवायचा आणि आभाळाकडे बघत बसायचा.

"अहो, एकदा बोलून टाका त्याच्याशी," सेल्मा सकाळी पाव कापता कापता म्हणाली. "दोन म्हातारे आणि एक ससा! लोक हसतात."

"त्याने आधी बोलावं," ओस्वीन म्हणाला.

साहेब आले. पी-आठ आलं. या गाडीचं टेंडर इथवर येईतो अर्धं रिकामं झालेलं असतं, त्या हिशेबाने ओस्वीन उभा राहिला. एरवी तो टेंडरच्या स्प्रिंगा किती दबल्यात ते निरखायचा; आज त्याची नजर साहेबांच्या चेहऱ्यावरून हटत नव्हती. एडमुंडने बोटभरही फरक न करता बुटाशी चाक थांबवलं.

ओस्वीनने खांदा लावला. टेबल हललं नाही. पुन्हा लावला. कानशिलं तापली. साहेबांनी घड्याळ काढलं.

"मुद्दाम केलंस ना?" ओस्वीन वर एडमुंडकडे बघून ओरडला. सात वर्षांतलं पहिलं वाक्य!

"काय मुद्दाम?" एडमुंड खिडकीतून अर्धा बाहेर आला. "टाकी काठोकाठ भरून आणलीय, तुझ्यासाठी! भरलेल्या टेंडरचा अंदाज सोपा म्हणून."

"मग सांगायचं ना, गाढवा!"

"कुणाला? तुला?"

हा माणूस ओस्वीनसाठी मधल्या स्टेशनात उतरून पाणी भरत बसला होता, आणि तो मात्र मनात त्याला शिव्या घालत होता. त्याला स्वतःची लाज वाटली.

"पुढं घे, एडमुंड," तो म्हणाला. "दोन विती. सावकाश."

इंजिन दोन विती पुढे सरलं. ओस्वीनने दांड्याला खांदा लावला आणि टेबल कुरकुर न करता फिरू लागलं. साहेब शेजारून चालत होते. त्यांनी वहीत लिहिलं आणि मोठ्याने वाचूनही दाखवलं: मोटारीची तूर्त गरज नाही. माणसं दोन पुरेत, मात्र त्यांचं एकमेकांशी बोलणं असावं.

साहेब गेले. इंजिनाचं तोंड आता परतीच्या वाटेकडे होतं. एडमुंडने शिट्टीच्या दोरीला हात घातला, पण ओढली नाही.

"ओस्वीन, उद्या पाणी किती ठेवू?"

ओस्वीनने आधी टेंडरच्या स्प्रिंगा नीट निरखल्या. त्यामुळे "अर्धं" एवढं म्हणायलाही त्याला जरा वेळ लागला, आणि एडमुंड तोवर थांबला.