आमच्या घरी उतरलेला गोलकीपर

क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा निरोप आला. क्लबचा इतिहास लिहायला घेतलाय, जुन्या समर्थकांनी आठवणी पाठवाव्यात, छोट्या आणि गोड पाठवाव्यात, सोबत फोटो असल्यास उत्तम. खाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग. मी नोकरीसाठी लातूरला येऊन बरीच वर्षं झाली, तरी त्या ग्रुपमधून मला कुणी काढलं नाही आणि मीही बाहेर पडले नाही. गोड आठवणी माझ्याकडे नाहीत असं नाही. पण त्या पाठवल्या तर मागणारे खूश होतील, आणि त्यांना खूश करायची मला अजिबात इच्छा नाही.

इतिहासच हवा असेल तर तो असा आहे. नांदेडला आमच्या वस्तीला लागून गिरणी होती आणि गिरणीच्या मागे मोकळी जागा. पाळी सुटली की कामगार तिथं फुटबॉल खेळायचे. निम्मे आमचे बौद्ध, निम्मे पलीकडच्या मोहल्ल्यातले मुसलमान. बाकीचं शहर क्रिकेटवर जीव टाकायचं तेव्हा ही माणसं चिखलात चेंडू लाथाडायची. क्लब काढायचं ठरलं तेव्हा जर्सी निळी की हिरवी यावरून दोन्हीकडची मंडळी हातघाईवर आली. शेवटी कुणीतरी शहाण्यानं पिवळं कापड आणलं आणि वाद मिटवला. पुढं गिरणी बंद पडली, कामगारांची पोरं रिक्षा चालवायला लागली, कुणी पुण्याला गेली, पण पिवळी जर्सी टिकली. स्पर्धेचा कप मात्र, मी सांगतेय त्या वर्षापर्यंत, आम्ही कधीच जिंकला नव्हता. हरणं आमच्या अंगवळणी पडलं होतं. आमचे समर्थक दुसऱ्या टीमला फारशा शिव्या द्यायचे नाहीत, सगळा साठा आपल्याच पोरांसाठी राखून ठेवायचे.

आणखी एक गोष्ट होती, तिचा आम्हाला फार गर्व. स्पर्धेला देगलूर, धर्माबाद, निलंगा अशा ठिकाणांहून टीम यायच्या. त्यांना लॉजवर ठेवायची क्लबची ऐपत नव्हती, म्हणून खेळाडू घरोघरी वाटून दिले जायचे. ज्याच्या घरी जो उतरला तो त्या घरचा पाहुणा. त्याला आधी जेवायला वाढायचं, पलंग त्याला द्यायचा, आणि मैदानावर तो आपल्याच क्लबविरुद्ध खेळत असला तरी त्या घरातल्या बायकांनी त्याच्या नावानं टाळ्या वाजवायच्या. पाहुण्याशी वाकडं बोलायचं नाही, त्याच्यासमोर घरातलं भांडण काढायचं नाही. माझी आई सरकारी दवाखान्यात आया होती. रविवारी तिची हमखास ड्यूटी असायची, त्यामुळं तिनं आयुष्यात एकही सामना पाहिला नव्हता. पण आमच्या घरून कुठला खेळाडू उपाशी गेला असं कुणाला म्हणता आलं नसतं.

माझा भाऊ या क्लबचा गोलकीपर होता. शाळेत होता तेव्हापासून. मोटारसायकल दुरुस्तीच्या दुकानातून सुटला की तसाच काळ्या हातांनी मैदानावर जायचा. लोक त्याला ‘भिंत’ म्हणायचे. त्यानं चेंडू अडवला की गिरणीच्या पडक्या कुंपणावर बसलेली सगळी जनता एका सुरात ‘भिं-त, भिं-त’ करायची. टीम हरायचीच, पण किती गोलांनी हरायची हे याच्यावर असायचं. त्याला दुसरं काही नको होतं. आपल्या मैदानावर आपल्या क्लबची फायनल व्हावी आणि त्या दिवशी आपण गोलमध्ये उभं असावं, बस. तिशी जवळ आली होती, गुडघा कुरकुरत होता. घरात लग्नाचा विषय निघाला की म्हणायचा, एक फायनल होऊ द्या, मग तुम्ही म्हणाल तिथं उभा राहतो.

मग क्लबला नवे अध्यक्ष मिळाले. प्लॉटिंगचा धंदा, नगरसेवक व्हायची घाई, आणि प्रत्येक चौकात स्वतःचाच हसरा फ्लेक्स. मैदानावर बैठक घेतली. म्हणाले, “आपल्याला कप पाहिजे का आपली पोरं पाहिजेत, एकदाचं ठरवून टाका.” मला वाटलं, कुणीतरी उठून याला गप्प करेल. हीच माणसं वर्षानुवर्षं सांगत आली होती की आमचा क्लब म्हणजे आमच्या वस्तीची पोरं. एकही उठला नाही. मागून कुणीतरी म्हणालं, “कप पाहिजे, साहेब,” आणि मग सगळेच तेच म्हणायला लागले. अध्यक्षांवर माझा राग आहेच, पण तो दुसऱ्या नंबरचा. पहिला राग त्या बैठकीवर.

हैदराबादहून आधी दोन पुढचे खेळाडू आले. त्यांनी गोलांचा पाऊस पाडला आणि समर्थकांना याड लागलं. मग मधल्या फळीत बाहेरचे आले, मग बचावात. आमची पोरं एकेक करून बाकावर गेली आणि लिंबू-मीठ वाटायला लागली. सेमीफायनलपर्यंत अकरा जणांत वस्तीतला एकटा माझा भाऊ उरला होता, आणि तो सामना आम्ही त्याच्याच हातांवर जिंकलो. त्या दिवशी त्याला खांद्यावर घेऊन घरापर्यंत आणलं. आई ड्यूटीवरून आली तेव्हा तो पायरीवर बसून एकटाच हसत होता. तिनं त्याच दिवशी फायनलसाठी ड्यूटी बदलून घेतली.

फायनलच्या आदल्या दिवशी चहाच्या वेळेला क्लबचा सेक्रेटरी एका उंच पोराला घेऊन दारात उभा राहिला.

“जयभीम मावशे. ह्यो एक तुमच्याकडं ठिवा. हैदराबादचा हाय, लई नावाजलेला.”

“जयभीम. या बाबा, बसा,” आई म्हणाली.

पोरानं बॅग खाली ठेवली. बॅगेला बाहेरून दोन हातमोजे बांधलेले होते, गोलकीपरचे. भाऊ आणि मी दोघांनी ते एकदमच पाहिले. भावानं सेक्रेटरीकडे पाहिलं. सेक्रेटरी दाराच्या चौकटीकडे बघत म्हणाला, “साहेब म्हणले, सोबतीला असू दे एक.” आणि चहाही न घेता निघून गेला. आमच्या घरी चहा न घेता गेलेला तो पहिला माणूस.

वस्तीत एवढी घरं होती. कुठल्याही घरात त्याला ठेवता आलं असतं. पण त्यांनी तो आमच्याच घरी आणून ठेवला, कारण एकदा पाहुणा झाला की आमच्या घरातून आवाज निघणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. भांडायला येईल अशा माणसाच्या दारात त्यांनी पाहुणा बांधून ठेवला. आमच्या चांगुलपणाचा असा उपयोग करायला आमच्याच माणसांची बुद्धी लागते.

आईला यातलं काही कळलं नाही. तिला हातमोज्यांत काय समजणार. तिनं अंड्याचं कालवण केलं, त्याला दोन अंडी वाढली, भावाला एक. पोरगा गुणी होता, हेच तर वाईट. आईला अम्मा म्हणायचा, खाली मान घालून जेवायचा. आपण कुणाच्या घरात बसलोय हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याला वाटत होतं, माझा भाऊ राखीव गोलकीपर आहे.

मी भावाला मोरीजवळ गाठलं. म्हटलं, जा अध्यक्षाकडे, विचार त्याला.

“काय विचारू? पाहुणा घरात बसलाय,” तो म्हणाला.

“मग मी विचारते.”

“तू न्हाई काही करायचं. त्या पोराची काय चूक हाय?”

आणि ऊन उतरल्यावर तो त्या पोराला मैदानावर घेऊन गेला. मी मागोमाग गेले, कारण माझा विश्वास बसत नव्हता. गिरणीकडच्या गोलसमोर डाव्या खांबापाशी जमीन थोडी दबलेली आहे. तिथं टप्पा पडला की चेंडू वर येत नाही, सरपटत येतो. नवा माणूस हमखास फसतो. भावानं आधी स्वतः उभं राहून दोन-चार चेंडू अडवून दाखवले, मग त्याला तिथं उभं करून चेंडू मारत राहिला, पुन्हा पुन्हा. पोरगा एकदा फसला, दोनदा फसला, मग वाकून अडवायला लागला. घरी आल्या पाहुण्याला मोरी कुठं आणि माठ कुठं हे दाखवावं तसं माझ्या भावानं त्याला आपला गोल दाखवला. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. मी दोन्हीतलं काही केलं नाही, घरी येऊन कणीक मळली.

फायनलला आई नवं लुगडं नेसून आली. बायकांसाठी पुढं खुर्च्या टाकल्या होत्या. टीम मैदानात आली तशी ती मान उंच करून शोधायला लागली.

“आपला कुठं हाय गं?”

मी बाकाकडे बोट दाखवलं. भाऊ ट्रॅकसूट घालून बसला होता, मांडीवर पाण्याच्या बाटल्या.

“तिथं काय करून राहिला तो?”

मी सांगितलं. तिनं गोलकडे पाहिलं. तिनं वाढलेलं कालवण खाल्लेला पोरगा पिवळी जर्सी घालून तिथं उड्या मारत होता. तिनं पदर सारखा केला आणि बसून राहिली.

सामना बरोबरीत चालला होता. संपत आला तेव्हा समोरच्या टीमचा एक फटका त्या डाव्या खांबापाशीच टप्पा पडून सरपटत आला. पोरगा वाकला आणि चेंडू पोटाशी धरला. तोच चेंडू त्यानं लांब फेकला, आमच्या नव्या फॉरवर्डनं पुढं नेला आणि गोल झाला. कुंपणावरची जनता खाली उतरून नाचायला लागली. आणि मग आरोळी उठली, ‘भिं-त, भिं-त’. इतकी वर्षं माझ्या भावाला दिलेली आरोळी त्यांनी त्या पोराला देऊन टाकली. देताना एकाचीही मान बाकाकडे वळली नाही. मी बघत होते, म्हणून सांगते.

तेव्हा आईनं टाळी वाजवली. मी तिच्याकडे पाहतच राहिले.

“वाजव ना,” ती म्हणाली. “आपल्या घरी उतरलाय.”

तिचे डोळे भरले होते आणि टाळ्या चालू होत्या. मी वाजवल्या नाहीत. पाहुणचाराची ती शिकवण मला त्या दिवशी नकोशी झाली, ती अजून नकोशीच आहे.

कप आला. डीजे लावून मिरवणूक निघाली. अध्यक्ष कप घेऊन जीपवर उभे राहिले, पुढच्या निवडणुकीत निवडूनही आले. गिरणीमागच्या जागेवर आता कमान आहे आणि आत प्लॉट पाडलेत. क्लब सध्या व्हॉट्सॲपवर आहे. भाऊ त्यानंतर मैदानावर गेला नाही. दुकान चालवतो, मुलांना शाळेत सोडतो. टीव्हीवर फुटबॉल लागलं की उठून पाणी प्यायला जातो.

फायनलच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाहुण्याला सोडायला स्टेशनवर गेला. आईनं वाटेसाठी पोळ्या बांधून दिल्या होत्या, त्या घेऊन मीही गेले. पोराची बॅग भावाच्याच खांद्यावर होती. गाडी लागली तेव्हा पोरगा म्हणाला, “भाई, एक बात पूछूं? तुम कायकू नइं खेले? तुम्हारा हाथ तो मेरे से अच्छा है.”

आता सांगेल, मला वाटलं. आता पाहुणा निघाला होता, घर मोकळं होतं, कुणाची भीड उरली नव्हती. सांगून टाक की तुला आणायच्या आधी आमच्या माणसांनी मला विचारलंसुद्धा नाही.

“हाथ को लगा था,” भाऊ म्हणाला.

“दिखाव.” पोरानं त्याचा उजवा हात हातात घेतला आणि जाणत्या खेळाडूसारखी एकेक बोट दाबून बघायला लागला. मधल्या बोटाला भावानं तोंड वाकडं केलं. “इधर?” पोरानं विचारलं. “हां, उधरीच.” पोरगा हळहळला, बर्फ लावा म्हणाला, निदान महिनाभर चेंडूला हात लावू नका म्हणाला. भाऊ सगळ्याला मान हलवत होता.

गाडी हलली. पोरानं दारातून हात केला. माझा भाऊ तो धडधाकट उजवा हात छातीशी धरून उभा होता, त्यानं डावा हात वर केला.