सत्तावीस डिसेंबरची ओहोटी

गारखेड्यातल्या आमच्या कॉलनीत श्रीनिवासराव कन्नडकर नावाचे एक सर्वज्ञ राहतात. पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं कारकुनी करून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. कालव्याला पाणी कधी सोडायचं याची पत्रं त्यांनी टाइप केली, आणि तेवढ्यावर पृथ्वीवरच्या एकूण पाण्याचा कारभार आपल्याला कळतो अशी त्यांची खात्री झाली. आजोबा गावचे जोशी, त्यामुळे आकाशाचा कारभारही घरचाच. कॉलनीत नव्या स्कूटीची पूजा असली तरी हे पंचांग उघडून मुहूर्त सांगणार आणि वर दोन कप चहा पिऊन जाणार.

दर डिसेंबरात ते आम्हा बाराजणांना मिनीबसनं कोकणात नेतात. नेतात कसले, हाकतात. समुद्राकाठच्या एका लहान गावात एका बाईंच्या घरी उतरायचं आणि खायचं काय, तर इथून बांधून नेलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. सोलकढी पुढं आली की आमच्या लोकांची तोंडं वाकडी होतात. प्यायचं पाणीसुद्धा इथूनच जारमध्ये भरून नेतात, आणि आमच्या नळाला पाणी येतं आठवड्यातून एकदा. मीही त्यातलाच. चार वर्षं निमूट मागं जातोय.

श्रीनिवासरावांच्या पत्नी यमुनाबाई यांचा मात्र एक नवस होता. नात मृण्मयी तापानं फणफणली होती तेव्हा तिथल्या बेटावरच्या देवीला त्या बोलल्या होत्या, पायी येऊन ओटी भरीन. बेट किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. ओहोटीला चालत जाता येतं. गेल्या वर्षी आम्ही सगळे जाऊन आलो, फक्त यमुनाबाई राहिल्या. श्रीनिवासरावांना परतल्यावर गरम पिठलं हवं होतं. यंदा यमुनाबाईंच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया जानेवारीत ठरलेली. पुढं खडकांतून चालणं होईल याची डॉक्टरांनी काही हमी दिली नव्हती. जायचं तर यंदाच.

श्रीनिवासरावांच्या डायरीत गेल्या वर्षीची नोंद होती: सत्तावीस डिसेंबर, सकाळी दहा, पाणी घोट्यापर्यंत. यंदाही सत्तावीसलाच सकाळी दहाला निघायचं असं त्यांनी जाहीर केलं. घरमालकीण बाई आदल्या दिवशीच म्हणाल्या, उद्या पहाटे सहाला निघा, नंतर वाट मिळायची नाही. यमुनाबाईंनी पाचला उठून, ओटीचं ताट भरून, नवऱ्याला हलवून तेच सांगितलं. श्रीनिवासरावांनी पांघरुणातूनच त्यांना गप्प केलं. बत्तीस वर्षं पाणी पाहिलंय म्हणे. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं. मीही कूस बदलली.

दहाला आम्ही किनाऱ्यावर गेलो, तर वाट नव्हतीच. जिथून गेल्या वर्षी चपला हातात घेऊन गेलो तिथं छातीभर पाणी आणि ते चढतच होतं. श्रीनिवासराव डायरीत पाहत होते, मग समुद्राकडं, मग पुन्हा डायरीत. शेवटी म्हणाले, यंदा समुद्राचं काहीतरी बिघडलंय. बारा वाजता गाडी सुटायची होती, तेव्हा देवीला इथूनच हात जोडा असा हुकूमही दिला.

यमुनाबाई ताट घेऊन उभ्या होत्या. चाळीस वर्षांत त्यांचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता, तो तेव्हाही चढला नाही.

"काल पौर्णिमा होती. दत्तजयंतीचा पाळणा तुम्हीच म्हटलात. गेल्या वर्षी या तारखेला पंचमी होती. भरती तिथीवर येते, हे त्या बाईंना कळतं. तुम्हाला कळलं नाही? तुम्ही जा. मी संध्याकाळच्या ओहोटीनं जाईन आणि उद्या एसटीनं येईन."

श्रीनिवासरावांनी आमच्याकडं पाहिलं. आम्ही वाळूकडं पाहिलं. माझी बायको निशा मात्र पुढं झाली आणि आपली शाल यमुनाबाईंच्या खांद्यावर टाकून आली. बारा वाजता गाडी सुटली.

संध्याकाळी गाडी घाट चढून वर आली तेव्हा निशाचा फोन वाजला. यमुनाबाईंनी नवऱ्याला नाही, तिला फोन केला होता. ओटी भरून झाली, घरमालकीण बाईंनी हात धरून नेलं, आता परत किनाऱ्यावर पोचले, एवढंच म्हणाल्या. निशानं ते सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं सांगितलं.

श्रीनिवासराव पुढच्या सीटवरून मागं न वळता म्हणाले, "बरोबर आहे. प्रतिपदेला ओहोटी सहाच्या सुमारास. पहाटे आणि संध्याकाळी."

म्हणजे हा हिशेब या माणसाला येत होता. पहाटे केला नाही, कारण सांगायला आली होती ती बायको.