आधी विनयाचा पंखा

विनयाच्या पंख्याचा रिमोट चालेनासा झाला आणि बबनराव गजभिये इस्त्रीचा शर्ट घालून समोरच्या फ्लॅटमध्ये गेले. त्यांच्या बायकोने, चंदाने, स्वयंपाकघरातून दार लागल्याचा आवाज ऐकला आणि कणीक अशी मळायला घेतली की परात ओट्यावरून सरकायला लागली.

त्यांच्या स्वतःच्या बेडरूममधला रिमोट कधीचाच बंद पडला होता. बंद पडला तोही पंखा दोनवर असताना, कारण बबनरावांना जोराचं वारं सोसत नसे. आता भिंतीवरचं बटण दाबलं की पंखा दोनवरच सुरू व्हायचा. दिल्लीचा मे महिना, आणि डोक्यावर तो रेंगाळणारा पंखा! चंदाने सांगितलं होतं. "बघतो," म्हणाले होते ते.

चंदा मूळची भंडाऱ्याची. लग्न होऊन दिल्लीत आली, हिंदूराव हॉस्पिटलमध्ये सिस्टर म्हणून लागली आणि तिथूनच रिटायर झाली. वॉर्डात कुणी येऊन करेल म्हणून वाट बघायची तिला सवयच नव्हती. घरातही तेच. गॅसची नळी, पोरांच्या अॅडमिशन, द्वारकेतल्या या फ्लॅटचे कागद, सगळं तिनेच ओढलं. बबनराव सरकारी कचेरीतून येत, पेपर वाचत, आणि तिचं काही बिघडत नसे.

मग समोर विनया आणि विक्रांत राहायला आले, पुण्याचे. तो गुरुग्रामला जायचा, ती घरूनच लॅपटॉपवर काम करायची. "काका, प्लीज जरा बघता का?" एवढं तिने म्हटलं की बबनरावांच्या अंगात वीज संचारायची. तिच्या दाराची कडी, तिचा वायफाय, तिच्या गॅलरीतली कबुतरांची जाळी. मुलीच्या वयाची पोर ती. भलतंसलतं काही नव्हतं, हे चंदाला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर जास्त जळायचं, कारण भांडायलाही तोंड नव्हतं. नवरा शेजारणीची कडी बसवतो, यावर कुणाशी काय भांडणार?

अर्ध्या तासाने समोरून विनयाचा आवाज आला, "वॉव काका, चालू झाला!" आणि त्यावर बबनरावांचं हसणं. असं हसणं चंदाने घरात कधी ऐकलं होतं, आठवेना.

हात धुऊन ती बेडरूममध्ये गेली आणि तिने रिमोट उघडला. आत पांढरी भुकटी. जुना सेल फुटून स्प्रिंगवर साचली होती. तिने कापसावर स्पिरिट घेऊन स्प्रिंगा जखम पुसावी तशा पुसल्या आणि नवे सेल घातले. पंखा ढिम्म. मग मोबाइलचा कॅमेरा रिमोटसमोर धरून बटण दाबलं. स्क्रीनवर जांभळट ठिपका चमकला. म्हणजे रिमोट बोलत होता, पंखाच ऐकत नव्हता. तिने भिंतीवरचं बटण बंद करून थोड्या वेळाने परत लावलं आणि लगेच रिमोटचं बटण दाबून धरलं. पंख्याने 'पीं' केलं. तिने पाचचं बटण दाबलं. उशीवरचा टॉवेल उडून खाली पडला.

बबनराव परत आले ते दारातच थांबले. "अगं, हा कुणी केला?"

"मी."

"मी करणारच होतो ना."

"अच्छा? कधी?"

ते पलंगाच्या कडेला बसले.

संध्याकाळी बेल वाजली. दारात विनया. "काका, सॉरी यार, परत बंद पडला."

बबनराव उठायच्या आत चंदा उठली. "तुम्ही बसा. मी बघते." जाताना तिने ड्रॉवरमधून दोन सेल घेतले.

विनयाच्या घरी तिने रिमोटचं झाकण काढलं आणि एका नजरेत कळलं. एक सेल नवा कोरा, दुसरा जुनाच, ओरखडे पडलेला. बबनरावांना घरात एकच सापडला असणार, आणि कबूल करायची लाज वाटली असणार. हेच ते हुशार काका! बोलायला शब्द तोंडापर्यंत आले.

"काकांनी सकाळीच बदलले होते ना सेल?" विनयाने विचारलं.

"हो तर," चंदा म्हणाली. "कधी कधी नवे सेलही खराब निघतात."

दोन्ही सेल बदलून, पंखा सुरू करून ती निघाली, आणि चार पावलांच्या पॅसेजमध्ये स्वतःवरच चिडली. का सांभाळून घेतलं मी यांना?

बबनराव टीव्ही बंद करून बसले होते. "काय झालं होतं?"

"सेल."

त्यांनी मान खाली घातली. "दुसरा सापडलाच नाही गं. सांगितलंस तिला?"

"नाही."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "आपल्या पंख्याची मला परत एकदा आठवण करून द्यायचीस. एकदाच तर बोललीस."

"तिला किती वेळा सांगावं लागतं?" चंदाने विचारलं.

ते उठले, आत गेले, डबे उघडल्याचे आवाज आले. साखर कुठे असते, हे त्यांना शोधावं लागत होतं. चंदा हलली नाही, सांगितलंही नाही. बऱ्याच वेळाने ते चहाचे दोन कप घेऊन आले आणि एक तिच्यासमोर ठेवून उभेच राहिले.

"फार गोड झालाय," ती म्हणाली, आणि तरी सगळा प्यायली.