आधी कुठली टाकी?

क्लासचे किस्से मी इतक्यांदा सांगितलेत की घडलं किती आणि माझ्या तोंडी वाढलं किती, हे आता मलाच सांगता येत नाही. चुकलं तर दोष माझा.

नव्वदच्या आसपास ठाण्यात, कोपरीला, मी जहाजाच्या स्थैर्याची गणितं शिकवायचो. दिवसभर कॉलेज, संध्याकाळी हा क्लास. गणितात पीएच.डी. होतो, जहाजावर पाऊल कधी ठेवलं नव्हतं. समोर जहाजावर ऑफिसर होऊ पाहणारी चार-पाच मुलं.

*

डोंबिवलीच्या कुलकर्णीने भरलेल्या जहाजाचा गुरुत्वमध्य डोलकाठीच्याही वर काढला.

"माल कुठे ठेवलास रे?"

"सर, कुठे ठेवायचा ते दिलंच नव्हतं."

मी प्रश्न पुन्हा वाचला. खरंच दिलं नव्हतं. प्रश्न माझाच होता.

*

म्हात्रे कोपरीचाच, कोळ्यांच्या घरातला. दोनदा नापास. या खेपेलाही नापास झाला असता, तर कंपनी त्याला ठेवणार नव्हती.

त्याच्या वडिलांनी एकदा आम्हाला होडीतून खाडीत नेलं. वजन वर गेलं की होडी कशी डळमळते, हे दाखवायला मी उभा राहिलो. कुलकर्णीचा चष्मा पाण्यात गेला.

"मास्तर, आधी बसा," म्हात्रेचे वडील म्हणाले. "शिकवायचं मग."

*

म्हात्रेच्या तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशीचा तास. वरचं वजन वाढून जहाज एका अंगाला कलून राहिलं, तर तळाच्या टाक्यांत पाणी घ्यायचं. पण आधी कललेल्या, म्हणजे खालच्या बाजूच्या. उलट वाटतं खरं. वरची बाजू आधी भरली, तर जहाज धाडकन दुसरीकडे कोसळतं.

घरी जेवताना मला एकदम शंका आली. वर्गात मी खालची म्हणालो की वरची?

सकाळी म्हात्रेचं घर गाठलं. तो निघून गेला होता. "दमलात सर, चहा घ्या," त्याची आई म्हणाली.

संध्याकाळी म्हात्रे आला. पास!

"नेमकं तेच विचारलं सर. टाकी कुठली आधी."

"मग?"

"खालची म्हटलं."

म्हणजे मी बरोबर शिकवलं होतं. पुढे बरीच वर्षं मी असंच धरून चाललो.

रिटायर झाल्यावर एकदा कुलकर्णीच्या कल्याणच्या नव्या घरी गेलो. त्याने क्लासची जुनी वही काढली. त्या तासाच्या पानावर माझं वाक्य जसंच्या तसं उतरवलेलं: 'आधी वरच्या बाजूची टाकी.'

त्याखाली पेन्सिलीने, शेजारी बसणाऱ्या म्हात्रेच्या अक्षरात: 'सर दमलेत. खालची.'