करदोटा आणि खुब्याचं केंद्र

गेल्या मंगळवारी भावाला घेऊन परत बेळगावला गेले... त्याच्या चालण्याची तपासणी दुसऱ्यांदा करायची होती.

संजू माझा धाकटा भाऊ. तिथल्याच उद्यमबागेतल्या फाउंड्रीत दिवसभर उभ्यानं काम करणारा. गाडीवरून पडून खुब्याला मार बसला, ऑपरेशन झालं, पण लंगडणं काही जाईना. आता पुन्हा ऑपरेशन करायचं की व्यायामानं भागेल, हे या तपासणीवर ठरणार होतं.

या तपासणीत अंगावर छोटे चमकणारे गोळे चिकटवून चालायला लावतात आणि भोवतीचे कॅमेरे ते गोळे टिपतात. खुब्याचा सांधा मात्र मांसाच्या पार आत... तिथं गोळा लावायचा कसा? म्हणून कमरेची पुढची दोन हाडं चाचपून त्यांवर गोळे लावतात आणि त्यावरून सांध्याचं केंद्र कॉम्प्युटर काढतो. गोळा बोटभर सरकला की केंद्रही सरकतं, पुढचं सगळं गणित चुकतं.

पहिला रिपोर्ट वाईट आला होता. पण फिजिओथेरपिस्ट मॅडमना तो पटेना. हातानं तपासताना खुबा बरा वाटत होता... म्हणून त्यांनी परत बोलावलं.

या वेळी गोळे लावून त्या कॉम्प्युटरपाशी गेल्या. परत येऊन बघतात तर उजवीकडचा गोळा खाली सरकलेला!

"अण्णा, हे तुम्ही हलवलं काय ओ?"

संजू मान खाली घालून उभा. मग हळूच म्हणाला, "गोळा करदोट्यावर बसलाता मॅडम. चिकटपट्टी वढून काढताना दोरा तुटला असता... म्हणून जरा खाली लावला. मागल्या बारीलाबी."

"आरं खुळ्या, दोऱ्यापायी हाड कापून घेणार हुतास व्हय रं?" मी ओरडलेच.

"आक्का, कंबर मोकळी कुणाची करत्यात, ठावं हाय न्हवं तुला? आई हाय अजून."

आमच्याकडं करदोटा काढतात तो माणूस गेल्यावरच.

मॅडम हसल्या नाहीत. "आमच्या घरातपण आहे ओ, उडदार म्हणतो आम्ही. नवा बांधल्याशिवाय जुना काढत नाहीत, होय की नाही?"

समोरच्या दुकानातून काळा दोरा आणला. गोळ्यांची जागा मोकळी राहावी म्हणून मी तो वर, बरगड्यांखाली बांधला, आणि मगच जुना कापला. एवढा मिशीवाला गडी, पण कात्री लागताना डोळे गच्च मिटून उभा होता.

मॅडमनी हाडं पुन्हा सावकाश चाचपली, गोळे लावले. संजू चालला... जाऊन आला, परत गेला.

काल डॉक्टरांनी सांगितलं, सांधा ठीक आहे. बाजूचे स्नायू कमजोर आहेत, काही महिने नेमानं व्यायाम करावा लागेल. ऑपरेशन नको. संजू घरी येईपर्यंत नुसता खिडकीबाहेर बघत होता.

तेव्हापासून त्या मॅडमचाच विचार करतेय. "काढा तो दोरा" असं त्या सरळ म्हणू शकल्या असत्या, आणि संजूनं निमूट काढलाही असता. गोळेही अगदी जागेवर बसले असते.

पण मग तो भीत भीत चालला असता... आणि ती चाल त्याची नसती.