मायच्या हातातला कडुनिंब

गंगे, आम्ही गाव सोडलं त्या दिवशी भाताची रोवणी चालू होती. तुला आठवत नसेल. तू पाच-सहा वर्षांची होतीस आणि बांधावर बसून रोपांची, पऱ्ह्यांची जुडी सोडवत होतीस. तुझ्या भाऊजींनी, म्हणजे मास्तरांनी, लोखंडी पेटी बैलगाडीत चढवली. नागपूरला मिशनच्या शाळेत त्यांना नोकरी लागली होती, आणि आम्ही दोघं बाप्तिस्मा घेणार हे आठ दिवसांपूर्वीच गावभर झालं होतं. बाबा घराबाहेर आलेच नाहीत. माय भाताच्या बांधीतून तशीच वर आली, गुडघ्यापर्यंत चिखल. मला वाटलं रडेल, शिव्या देईल, निदान हात तरी धरेल. ती एवढंच म्हणाली, "दार नाही लावत मी, भागे. पण तू आता अंदर नको येऊ." मग परत बांधीत उतरली आणि वाकून रोवायला लागली.

हे मी तुला लिहिते आहे आणि इथल्या बायकांनाही, ज्या माझ्यासारख्याच एकेक दार मागे टाकून या कंपाउंडात आल्या. तुम्ही सगळ्या मला मार्थाबाई म्हणता, आणि मार्थाबाई म्हणजे विश्वासात पक्की, असं नव्या आलेल्या मुलींना सांगता. ते आता मला ऐकवत नाही.

इथे आले तेव्हा सगळ्याचंच अप्रूप होतं. कवेलूच्या छपरांची एकसारखी घरं, एका रांगेत. घंटा वाजली की उठायचं, घंटा वाजली की चर्चला जायचं. मी कपबशीतून चहा प्यायला शिकले, बाजाच्या पेटीवर गीतं म्हणायला शिकले, मिससाहेबांना मान वाकवून गुड मॉर्निंग म्हणायला शिकले. गावाकडे मी बाबांसमोर तोंड उघडत नव्हते आणि इथे चार बायकांसमोर उभी राहून बोलायला लागले. पण नाग नदीवर गेले की माझं चित्त ठिकाणावर राहायचं नाही. हे पाणी शहरातला गाळ घेऊन आपल्याच गावाकडे, कुहीकडे जातं ना. त्याला कोणी अडवत नाही आणि मला उंबरा ओलांडायची बंदी, याचा मला राग यायचा.

बुधवारी दुपारी बायकांची प्रार्थनासभा असायची, अजूनही असते. तिथली रीत अशी, की गीत संपलं की प्रत्येकीने उठून सांगायचं, या आठवड्यात कोणता मोह आला आणि प्रभूच्या कृपेने तो कसा टळला. कोणी सांगायची, धोब्याशी भांडणार होते पण जीभ आवरली. कोणी सांगायची, शेजारणीच्या नव्या लुगड्याकडे पाहून जळले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघाली, रस्त्यावर ढोल वाजायला लागले, की त्या आठवड्यात तर निम्म्या बायकांचा मोह एकच असायचा. मी त्या सभेत फार हुशार होते. माझे पायही ढोलावर शिवशिवायचे, ते मी सांगायचे, पण खिडकी लावून बसले हे जरा जास्तच ठसक्यात सांगायचे.

मास्तर तापाने गेले तेव्हा कपाळावर पुसायला कुंकू नव्हतंच. पुढच्याच बुधवारी मी उभी राहिले आणि म्हणाले, माहेरी परत जायचा मोह झाला, पण मी देवाला शरण आहे. मिससाहेबांनी डोळे पुसले. खरं सांगते, दुःखाने माझा जीव फाटत होता, तरी त्या क्षणी मला बरं वाटलं. इथेच माझं चुकलं असावं. तेव्हा मात्र मला ते देवाचंच काम वाटत होतं.

माझी लेक शांती सहा वर्षांची झाली त्या उन्हाळ्यात शहरात देवीची साथ आली. कंपाउंडातल्या पोरांना टोचून झालं होतं. टोचणारे आले त्या दिवशी शांतीला ताप होता, म्हणून नंतर बघू म्हटलं, आणि ते राहूनच गेलं. तिच्या अंगावर पहिले फोड दिसले तेव्हा आम्हा दोघींना शेवटच्या खोलीत ठेवलं. जेवण कुंपणाच्या भिंतीवर ठेवून बायका मागे सरायच्या. त्यांचा दोष नाही, त्यांनाही लेकरं होती. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई दिवसातून एकदा येऊन जायच्या.

बाजाराला येणाऱ्या एका गाडीवानाकडून मायला कळलं. दीड दिवस चालत ती आली. सात वर्षांत पहिल्यांदा मी तिला पाहिलं, तीही भर दुपारी, माझ्याच दारात. पायांत काही नाही, डोक्यावर दहीभाताचं गाडगं आणि हातात कडुनिंबाचा हिरवा डहाळा. म्हणाली, "मले येऊन गेली हाये लहानपणी, मले काही नाही होत. तू बाजूले हो वं, मीच बसतो तिच्यापाशी."

सगळ्या नागपुरात माझ्या लेकराजवळ न भिता बसेल असं एकच माणूस होतं आणि ते दारात उभं होतं. मी बाजूला व्हायलाही लागले होते. पण तिने उंबऱ्यातूनच शांतीकडे पाहून हात जोडले. आपल्याकडे अंगात माता आली की त्या लेकरालाच हात जोडतात, हे मला माहीत नव्हतं का? तू लहान असताना तुझ्यापुढे मीही जोडले होते. माय मला म्हणाली, एकदा मातामायचं नाव घे, तुझ्या तोंडाने घे, लेकरू सोड म्हणावं. आणि गंगे, ते नाव माझ्या ओठांवर आलं. अगदी आलं. मी इतकी घाबरले, की त्या भीतीनेच कठोर झाले. म्हटलं, हे या घरात चालत नाही. तो डहाळा बाहेर टाक, मग आत ये.

मायला खरंच कळलं नाही. तिने डहाळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "काहून वं? पालाच त हाये."

मी तो तिच्या हातातून घेतला आणि अंगणापार भिरकावला. तिने गाडगं उंबऱ्याबाहेर ठेवलं, डहाळा उचलला आणि फाटकाबाहेरच्या चिंचेखाली जाऊन बसली. आणि आता जे लिहिते ते मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. माय पाठमोरी चालली होती, आत शांती कण्हत होती, आणि माझ्या मनात वाक्यं जुळत होती. बुधवारच्या सभेत हे कसं सांगायचं याची.

चार दिवस ती चिंचेखाली बसून होती. माझ्या खिडकीतून तिचा पदर दिसायचा. सार्वजनिक विहिरीवर पाणी प्यायची, मातेचं पथ्य म्हणून अळणी भात खायची, डोक्याला तेल नाही. दुपारी चिंचेची सावली सरकली की तीही सरकायची. शांतीचे डोळे तोवर सुजून मिटले होते. अंगाची आग व्हायची, खाज सुटायची, मी तिचे हात धरून ठेवायचे. तिने आजीला कधी पाहिलंच नव्हतं, पण दारातलं बोलणं तिने ऐकलं होतं. सारखी विचारायची, आजी गेली का? मी म्हणायचे, नाही. मग आत का येत नाही? मी तिच्या कपाळावरचं ओलं फडकं बदलायचे.

मी प्रार्थना करत होते. दुसरं काय करणार? प्रभूने शिकवलेली प्रार्थना रोजची, झोपेतही येणारी. तिच्यात देवाची इच्छा पूर्ण होवो, असं मागायची जागा आहे. त्या चार दिवसांत मी तिथवर यायचे आणि ती ओळ अडायची. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे, पुन्हा तिथेच. त्याची इच्छा काय असेल हे मला दिसत होतं, आणि ती पूर्ण व्हायला नको होती. वर्षानुवर्षं मी सभेत शरण शरण म्हणत आले. खरं तर त्याच्यापुढे मी एकदाही वाकले नव्हते, नुसतं वाकून दाखवलं होतं.

पाचव्या दिवशी सकाळी शांतीने विचारणं बंद केलं. मी उठले, फाटकाबाहेर गेले आणि मायच्या पायांवर पडले. सगळं कंपाउंड बघत होतं. एवढंच म्हटलं, आत चल. ती विचारत नव्हती, पण मीच म्हटलं, तो पाला पण घे.

तिने कडुनिंबाचा पाला शांतीच्या अंगाखाली पसरला आणि डहाळ्याने हळूहळू वारा घालायला लागली, फोडांवरून नुसता पाला फिरवायला लागली. लेकरू निवलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचे हात सैल झाले. डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी पाहिलं आणि आपल्या मोडक्या मराठीत म्हणाल्या, की खाजेला हे चांगलं, आधी का नाही केलं? दुसऱ्या दिवशी दुपारी शांतीने मायच्या मांडीवर प्राण सोडला. पाला आधी आला असता तर ती वाचली असती असं नाही, हे डॉक्टरीणबाईंनी मला नंतर नीट समजावलं. पण चार दिवस ती जळत होती आणि निवायला लागणारा पाला चिंचेखाली सुकत होता, हे त्या कशा समजावणार?

शवपेटी आली तेव्हा मला वाटलं, आता माय ओरडेल, पुरू नका म्हणेल. तिने माझा हात धरला. "आपल्यातही देवीचं लेकरू पुरतेतच वं. जाळत नाही." पाद्रीसाहेब कबरीजवळ वाचत होते तेव्हा तिने उरलेला पाला पेटीवर ठेवला. साहेबांनी ते पाहिलं आणि पुढे वाचत राहिले. परतताना ती फाटकाशी उभी राहिली, आत आली नाही. म्हणाली, "तुह्या देवाले सांग, तिले थंड जागी ठेव म्हणा."

मी सांगितलं. त्याच दिवशी ती अडलेली ओळ माझ्या तोंडून गेली, गंगे. शरण गेले म्हणून नव्हे. माझ्याजवळ धरून ठेवायला काही उरलं नव्हतं म्हणून.

पुढच्या बुधवारी सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. मी उठले आणि म्हणाले, या आठवड्यात मला कोणताच मोह टाळता आला नाही. त्यांना वाटलं मी दुःखाने बोलते आहे. त्यांनी गीत सुरू केलं. तेव्हापासून माझी पाळी आली की मी बसूनच राहते, आणि त्यालाही तुम्ही माझी नम्रता म्हणता.

त्यानंतर दरवर्षी धान कापून झालं की माय चालत यायची आणि कबरीजवळ बसायची. मीही बसायचे. तिने माझ्या घरचं पाणी कधी घेतलं नाही. शेवटच्या खेपेला मात्र थकली होती, तिने न विचारता माझा तांब्या उचलला आणि प्यायली. ती गेल्याचं मला दहाव्यानंतर कळलं. तुम्ही घरच्यांनी उशिरा कळवलंत म्हणून रागावले नाही, मला कोणत्या दारात बोलावणार होतात?

आता मी कुठली, हे मलाच सांगता येत नाही. कुहीकडचं दार उघडं असेल, पण आत नको येऊ म्हणणारीही राहिली नाही. इथलं दार माझं आहे, पण त्याच्याकडे पाहिलं की मला एक पाठमोरी बाई दिसते. रोज प्रार्थना करते, रोज त्या ओळीशी अडखळते, कधी पुढे जाते, कधी नाही. माझं घर म्हणजे कबरीशेजारी माय बसायची तेवढी जागा. पण तिथे कोणाला या म्हणता येत नाही.

म्हणून तुला लिहिलं. तू एकदा ये. माझ्यावर राग असेल तर तो घेऊन ये, अंगारा असेल तर तो, पाला असेल तर पाला. हातात काय आहे ते मी विचारणार नाही. दारात थांबू नको, गंगे. अंदर ये.