मैत्रिणीने लिहून दिलेला संकल्प

आमच्या तिघींच्या मैत्रीला नऊ वर्षं झाली. किस्से आम्ही मुद्दाम जमवले नाहीत. एकीने मधल्या सुट्टीत सांगितलेली गोष्ट दुसरी दुसऱ्या दिवशी वाढवून सांगायची आणि तिसरी हसायची. हसणारी बहुतेक वेळा मीच. यंदा मात्र मी ते वहीत लिहून काढले, कारण सांगायला समोर कोणी उरेल असं वाटत नव्हतं.

तिघी म्हणजे वैशाली, नाझनीन आणि मी. वैशालीचे वडील लग्नं लावणारे गुरुजी. नाझनीनचे अब्बा राजापेठेत कापूस पिंजून गाद्या भरायचे. दोघींची घरं लग्नसराईवर चालायची. माझे बाबा बडनेऱ्याला रेल्वेत. आमच्याकडे दर महिन्याला पगार येतो, यात काही विशेष आहे हे मला फार उशिरा कळलं.

*

पाचवीत वैशालीने नव्या वर्षाचा संकल्प केला, रोज पहाटे पाचला उठायचं. एक तारखेला उठून पाहते तर घरातले सगळे चारलाच आंघोळी करून बसलेले. आजोबा म्हणाले, "उठलीस का? उशीर झाला आज."

तिने तो त्याच दिवशी सोडला. नाझनीन म्हणाली, "आपला संकल्प आपनच केला का मोडतेच. मैत्रिनीनं लिहून देला तर भेव वाटते."

तेव्हापासून रीत पडली. एक जानेवारीला चिठ्ठ्या द्यायच्या. वैशालीने मला लिहायचं, मी नाझनीनला, नाझनीनने वैशालीला.

*

सहावीत मला आलं, "वर्गात रोज एक वाक्य बोल." मला बोलायचं म्हटलं की घाम फुटतो. मी एकच वाक्य ठरवून टाकलं. रोज उभी राहून विचारायची, "सर, खिडकी उघडू का?"

नवव्या दिवशी सर म्हणाले, "बाई, खिडकीचं दार कालच सुताराकडे गेलं. आता काय उघडशील?"

"बरं सर," म्हणून मी खाली बसले. नाझनीन कानात म्हणाली, "आज दोन वाक्य झाले. उद्या सुट्टी घे."

*

आठवीत मी नाझनीनला लिहिलं, "महिनाभर खोटं बोलायचं नाही." माझ्या डोक्यात गृहपाठ होता.

त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. खेड्यांतली लग्नं पुढे ढकलली जात होती आणि अब्बांच्या दुकानात दिवसदिवस कोणी फिरकत नव्हतं. एक काका जुनी गादी घेऊन आले. "पिंजून भरली तर पोरीच्या लग्नात देता येईन का? टिकन ना चार-पाच वर्षं?"

अब्बा तोंड उघडायच्या आत नाझनीन म्हणाली, "नाही टिकनार काका. कापूस पार गेला."

काका गादी खांद्यावर टाकून निघून गेले. अब्बा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "महीने में एक गिऱ्हाईक आया, उसको भी तू सच बोली."

तिने अब्बांची नक्कल करून हे सांगितलं. आम्ही खूप हसलो. घरी गेल्यावर मला जेवण गेलं नाही.

*

नववीत नाझनीनने वैशालीला लिहिलं, "वडलांले मदत कर." वैशालीचं अक्षर फार सुंदर. तिने वर्षभराचे मुहूर्त मोठ्या तक्त्यावर लिहिले आणि दाराशी टांगले. दोन महिने कोणी विचारायला आलं नाही. मग एक दिवस एक माणूस थांबला आणि सगळा तक्ता वाचू लागला. गुरुजी लगबगीने बाहेर आले. "कोणाचं लग्न आहे?"

"लगन नाही जी. हे अक्षर कोनाचं हाये? मले दुकान बंद केल्याची पाटी लिहून पायजे."

*

यंदा दहावी. डिसेंबरात अब्बांनी दुकान बंद केलं. अकोल्यात फोमच्या गाद्यांच्या दुकानात माल उचलायचं काम मिळालं, घर तिकडे हलणार होतं. नाझनीनचा परीक्षेचा फॉर्म इथेच भरलेला. माझी आई म्हणाली, आमच्याकडे राहू द्या. तिची अम्मी म्हणाली, "मैं भी काम पे जाऊंगी बाई. तीन छोटों को कौन देखेगा?"

एक जानेवारीला मी चिठ्ठीत लिहिलं, "परीक्षा द्यायचीच."

नाझनीनने वाचली आणि परत दिली. "हे माह्या हातात नाही. दुसरं लिव."

मला काही सुचेना. वैशाली म्हणाली, "अवं, सोपं काही लिव ना." मी लिहिलं, "रोज आठ ग्लास पाणी प्यायचं."

"हे जमते," ती म्हणाली आणि चिठ्ठी कंपासपेटीत ठेवली.

मार्चमध्ये पहिला पेपर होता. नाझनीनचा बाक माझ्याच खोलीत आला होता, रिकामा. त्यावर खडूने तिचा नंबर लिहिलेला होता. तीन तास मी मान वर केली नाही.

संध्याकाळी आम्ही दोघी गुरुजींच्या घरी बसलो होतो. अकोल्याहून फोन आला. वैशालीने रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"आठ ग्लास झाले," नाझनीन म्हणाली.